वाटेकरी नसलेला ढीग

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकं, दहं, शतं म्हणत गेलो तर शेवटचे नाव परार्ध. हा ढीग १८४ परार्धांच्या वर जातो. राजाची कोठारे संपतात आणि गोष्टही.

गणिती माणूस मात्र पुढे विचारतो, हा ढीग सारखा वाटता येईल का? चौसष्ट घरांचा ढीग तिघांत बिनबोभाट वाटला जातो. पण एकसष्टाव्या घराशी थांबलात, तर एकेकाला एकेक दाणा देण्यापलीकडे समान वाटणी होतच नाही. ती मूळ संख्या. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या घरापर्यंतचे ढीगही, म्हणजे ३, ७, ३१, १२७, असेच हट्टी. अकराव्याशी फसगत होते: २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. घराचा क्रमांक मूळ असला की भागले, असे नाही. सतराव्या शतकात फ्रान्समधला धर्मगुरू मर्सेन या ढिगांच्या मागे लागला, म्हणून त्यांना त्याचे नाव.

ऑक्टोबर २०२४मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकी संशोधकाला असा ५२वा ढीग सापडला. पट किती घरांचा? १३,६२,७९,८४१. दाण्यांची संख्या लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. सुरुवात ८८१६९, शेवट ५५१. सेकंदाला एक अंक असे न झोपता वाचत राहिलात, तर ४७४ दिवस उलटून जातील. दृश्य विश्वातल्या अणूंचा अंदाज साधारण ८१ अंकांत मावतो; म्हणजे वहीच्या दोन-तीन ओळी.

एवढ्या संख्येला कोणत्याच संख्येने भाग जात नाही, हे भागून कोण बघणार? तिथे लुकास आणि लेमर यांची कसोटी उपयोगी पडते. ४पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा; पुन्हा तेच. ३१वर करून पाहू. ४चा वर्ग १६, वजा २, उरले १४. १४चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ने भागून बाकी ८. ८चा वर्ग ६४, वजा २, ६२, बाकी शून्य. पाच घरांसाठी पाच वजा दोन, तीन फेऱ्या झाल्या. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ.

नव्या संख्येसाठी फेऱ्या १३,६२,७९,८३९. फेरीगणिक चार कोटी अंकांचा वर्ग. कुठे एक अंक चुकला तर सगळे मुसळ केरात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओतल्या संगणकाने शेवटची फेरी संपवली, तेव्हा बाकी उरली ती तीच, ३१ला उरली होती ती: शून्य.