झडती पेटीची आणि झडती मनाची

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाची पेटी उघडून पाहण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असतो, याविषयी वाद नाही. अमेरिकेच्या पहिल्याच काँग्रेसने १७८९ साली जकात अधिकाऱ्यांना जहाजांची झडती घेण्याची मुभा दिली; आणि गैरवाजवी झडतीपासून नागरिकांना संरक्षण देणारी, पुढे चौथी ठरलेली घटनादुरुस्तीही त्याच काँग्रेसने त्याच वर्षी मांडली. चोरटा माल सरहद्दीवरच अडवावा लागतो. तेथे वॉरंटची अट घातली तर व्यवहार ठप्प होतील, हा त्यामागील विचार रास्तच होता.

परंतु पेटीचा हा कायदा आज प्रवाशाच्या खिशातील मोबाइल फोनलाही लावला जात आहे. २०१५ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सरहद्दींवर अशा सुमारे साडेआठ हजार तपासण्या झाल्या. २०२४ मध्ये त्या ४७ हजारांवर गेल्या. एकूण प्रवाशांच्या मानाने हे प्रमाण नगण्य आहे, असे सरकार सांगते. तथापि हक्काचे मोल तो किती जणांचा डावलला गेला यावरून ठरत नसते.

२०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, अटक झालेल्या आरोपीचा फोनदेखील पोलिसांनी एरवी वॉरंटाशिवाय तपासू नये. सरहद्दीवर मात्र २०१८ च्या सरकारी आदेशानुसार अधिकाऱ्याने फोन हाताने चाळण्यासाठी कसल्याही संशयाची आवश्यकता नाही. यंत्र जोडून सखोल तपासणी करावयाची असेल तरच वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण लागते. म्हणजे आरोपीला जे संरक्षण आहे, ते निरपराध प्रवाशाला नाही! अपील न्यायालयांतही एकमत नाही. सखोल तपासणीस वाजवी संशय हवा, असे नवव्या मंडळाने २०१३ मध्ये म्हटले; त्याचीही गरज नाही, असे अकराव्या मंडळाने २०१८ मध्ये ठरविले.

नकार देणाऱ्या नागरिकाला देशात घ्यावेच लागते, फार तर त्याचा फोन अडकवून ठेवता येतो. पुण्या-मुंबईहून शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र आल्या पावली परत पाठविले जाऊ शकते. अशा वेळी त्याने दिलेली संमती ही संमती म्हणावयाची काय?

‘ज्याच्या मनात पाप नाही त्याने का भ्यावे?’ हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. फोनमध्ये एकट्या धारकाचे गुपित नसते. वकिलाच्या अशिलाचे, डॉक्टरच्या रुग्णाचे, वार्ताहराला विश्वासाने माहिती देणाऱ्याचेही असते. आणि या मंडळींनी कोणतीही सरहद्द ओलांडलेली नसते. शिवाय मजकुराला देशात शिरण्यासाठी विमानतळावरून यावे लागत नाही; तो क्षणार्धात परस्पर पोहोचतो. मग सरहद्दीवर अडवावयाचे ते नेमके काय?

पेटी अवश्य उघडावी. फोन उघडण्यापूर्वी मात्र न्यायाधीशाला कारण सांगण्याची तसदी राज्यसंस्थेने घेतली पाहिजे.