रोजा तिचाही आहे

आठ वर्षांच्या नातीनं यंदा पहिला रोजा पूर्ण केला. इफ्तारच्या वेळी गळ्यात हार पडला, सगळ्यांनी कौतुक केलं. मग ईदची कार्डं आणायला आम्ही बाजारात गेलो. मुलांच्या कार्डांवर मशीद, चंद्राकडे बोट दाखवणारा टोपीवाला मुलगा, गळाभेट. मुलींच्या कार्डांवर मेंदीचे हात, बांगड्या, शिरखुर्म्याच्या वाट्या. नातीनं विचारलं, “नाना, रोजा ठेवलेली मुलगी कुठल्या कार्डावर आहे?”

मी निरुत्तर झालो. कुरआनच्या सूरह अहजाबमधील 35व्या आयतीत रोजा ठेवणारे पुरुष आणि रोजा ठेवणाऱ्या स्त्रिया, असा दोघांचा उल्लेख आहे. मोबदल्याचं वचनही दोघांना एकच. मेंदी-बांगड्यांना माझी ना नाही. ती ईदची शोभाच. पण शिरखुर्मा मुलानं का वाढू नये? चंद्र मुलीनं का दाखवू नये? वाढदिवसाच्या कार्डांवर तरी वेगळं काय असतं? त्याला मोटार, तिला बाहुली.

शेवटी कोरा कार्डशीट आणि रंगपेटी घेऊन घरी आलो. नातीच्या कार्डावर भाऊ शिरखुर्मा वाढतोय, ती गच्चीवरून चंद्र दाखवतेय. पहिलं कार्ड तिनं शेजारच्या काकूंसाठी राखून ठेवलंय.