फिजीतील ‘तांबू’ : समूहाधारित सागरी संवर्धनाची कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना

सर्वांना मुक्त असलेल्या साधनसंपत्तीचा अतिवापर होऊन तिचा विनाश ओढवतो, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये केले. याउलट, स्थानिक समूह स्वतः नियम करून अशी संपत्ती दीर्घकाळ टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. पॅसिफिक महासागरातील फिजी या द्वीपराष्ट्राचा अनुभव या दोन्ही मतांचा विचार करताना उपयुक्त ठरतो.

परंपरागत हक्क आणि ‘तांबू’

फिजीमध्ये किनाऱ्यालगतच्या समुद्रात मासेमारीचा हक्क परंपरेने विशिष्ट कुलसमूहांकडे असतो. अशा क्षेत्रास ‘गोलीगोली’ म्हणतात. देशात अशी ४०० हून अधिक क्षेत्रे आहेत. गावप्रमुखाच्या निधनानंतर प्रवाळखडकाचा काही भाग सुमारे १०० रात्री मासेमारीस बंद ठेवण्याची प्रथा होती. या बंदीस ‘तांबू’ म्हणतात. मुदत संपताच तेथील मासे सामूहिक भोजनासाठी पकडले जात. म्हणजेच जुन्या तांबूचा हेतू प्रामुख्याने समारंभासाठी साठा राखण्याचा होता.

उथुनीवानुआचा प्रयोग

विती लेवू बेटावरील वेराता भागातील उथुनीवानुआ गावात ‘काईकोसो’ या शिंपल्यांचे प्रमाण विसाव्या शतकाच्या अखेरीस चिंताजनकरीत्या घटले. हे शिंपले प्रामुख्याने स्त्रिया गोळा करीत आणि त्यांवर कुटुंबाचा आहार व उत्पन्न अवलंबून असे. ग्रामस्थांनी साउथ पॅसिफिक विद्यापीठाचे साहाय्य घेतले. १९९७ मध्ये २४ हेक्टर क्षेत्र तीन वर्षांसाठी तांबू घोषित झाले. सीमा आखणे, ठरावीक पट्ट्यांतील शिंपले मोजणे आणि नोंदी ठेवणे ही कामे प्रशिक्षित ग्रामस्थांनीच केली.

प्रारंभी ५ सेंटीमीटरपेक्षा मोठा शिंपला क्वचितच सापडे. पुढे बंद क्षेत्रात ८ सेंटीमीटरहून मोठे शिंपले नियमित आढळू लागले. मोठ्या शिंपल्यांपासून अधिक प्रजनन होते व त्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर लगतच्या खुल्या क्षेत्रात जाऊन रुजतात. त्यामुळे तेथेही वाढ दिसून आली. मोजणी स्वतः केली असल्याने निष्कर्षावर ग्रामस्थांचा विश्वास बसला आणि बंदीची मुदत वाढविण्यात आली. इतर गावांनीही हे अनुकरण केले. २००१ मध्ये स्थानिक व्यवस्थापनाखालील सागरी क्षेत्रांचे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले व २००२ मध्ये त्यास इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मर्यादा

तथापि, या यशाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. किया बेटावरील बंद क्षेत्र २००८ मध्ये सामूहिक कामांसाठी निधी उभारण्याच्या हेतूने काही आठवडे खुले करण्यात आले. या अवधीत माशांचा साठा लक्षणीय घटला आणि एका वर्षानंतरही तो पूर्ववत झाला नाही. येथे तांबूचा जुना अर्थ नव्या उद्दिष्टावर मात करतो. सावकाश वाढणाऱ्या मोठ्या माशांना मिळालेले वर्षानुवर्षांचे संरक्षण अल्पावधीत निष्फळ ठरते. जुनी प्रथा गावाच्या भोजनापुरती मर्यादित होती. आज मात्र मासळीस बाजारपेठ उपलब्ध आहे.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. वसाहतकाळापासूनचा मत्स्यव्यवसाय कायदा परंपरागत मासेमारीचा हक्क मान्य करतो. परंतु समुद्रतळाची मालकी शासनाकडे आहे. ही मालकी कुलसमूहांना देऊ करणारे विधेयक २००६ मध्ये मांडले गेले. पर्यटन व्यवसायातून त्यास तीव्र विरोध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील लष्करी सत्तांतरानंतर ते संमत होऊ शकले नाही. भारतीय वंशाच्या ज्या मच्छीमारांना परंपरागत हक्क नाहीत, त्यांचे हितही या चर्चेत दुर्लक्षून चालणार नाही.

समारोप

सारांश, केवळ बंदी घातल्याने संवर्धन साध्य होत नाही. हक्क कोणाचा, मोजणी कोण करतो आणि क्षेत्र पुन्हा कधी, किती प्रमाणात खुले करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे समूहाने आधीच निश्चित करणे आवश्यक असते. उथुनीवानुआने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समर्थपणे दिले. कियाच्या अनुभवाने तिसऱ्याचे महत्त्व पटवून दिले. परंपरा हा समूहाधारित संवर्धनाचा भक्कम पाया आहे. मात्र तिचा हेतू बदलला असता तिचे नियमही बदलावे लागतात.