‘ईसीयू गेलाय’ असं गॅरेजवाला म्हणाला? पैसे देण्याआधी एवढं तपासून घ्या

गाडी सुरू होत नाही, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला सांगून मोकळा होतो, “साहेब, ईसीयू गेलाय.” खर्चाचा आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण हा ईसीयू नेमका असतो काय? आणि तो खरंच इतक्या सहज जातो का?

ईसीयू म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट, इंजिनाचा कॉम्प्युटर. क्रँकशाफ्ट किती वेगानं फिरतोय, आत हवा किती येतेय, कूलंट किती तापलंय, ही माहिती सेन्सर त्याला सतत पाठवतात. त्यावरून इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे काम सेकंदाला १०० वेळा होतं.

आता महत्त्वाची गोष्ट. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ईसीयू बिघडला असं नाही. उलट ‘कुठंतरी गडबड आहे’ हे सांगण्याचं आपलं काम तो करतोय. स्कॅनरवर दिसणारा कोडसुद्धा गडबड कोणत्या भागात आहे एवढंच सांगतो. कोणता पार्ट बदलायचा, हे सांगत नाही.

मग आधी काय तपासायचं?

१. बॅटरी, फ्यूज आणि मेन रिले. वीजच पोहोचली नाही तर चांगला ईसीयूही मेल्यासारखा वागतो.

२. अर्थिंग. बॉडीला जोडलेली वायर सैल झाली किंवा गंजली की विचित्र लक्षणं दिसतात.

३. वायरिंग. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि पाणी शिरलेले कनेक्टर नीट बघायला सांगा.

४. सेन्सर. अनेक सेन्सरना ईसीयूकडून ५ व्होल्टचा पुरवठा होतो. त्यातला एक जरी शॉर्ट झाला तरी बाकीचे गोंधळतात आणि आळ ईसीयूवर येतो. सेन्सर एकेक करून काढून बघितला की खरा चोर सापडतो.

ईसीयू कधीच जात नाही असंही नाही. पुराचं पाणी, जंप स्टार्ट करताना उलट्या लावलेल्या केबल किंवा बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग, यामुळे तो जळू शकतो.

तरीही नवा डबा आणला, लावला आणि गाडी सुरू झाली, इतकं ते सोपं नसतं. त्यात तुमच्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर असावं लागतं. शिवाय इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीतली चिप आणि ईसीयू यांची ओळख जुळवावी लागते. ती जुळली नाही तर इंजिन सुरू होत नाही किंवा लगेच बंद पडतं. म्हणूनच भंगारातला स्वस्त ईसीयू अनेकदा महागात पडतो.

त्यामुळे गॅरेजवाल्याला तीन प्रश्न विचारा. वीज आणि अर्थिंग मोजलं का? जुन्या ईसीयूचा बोर्ड दुरुस्त होईल का? नव्याचं प्रोग्रॅमिंग या खर्चात धरलंय का? आणि काम झालं तरी जुना ईसीयू परत मागून घ्या. नवा लावूनही बिघाड तसाच राहिला, तर तोच कामी येईल.