बाह्यरुग्णाचे हक्क आणि समजण्याजोगी भाषा

मानसिक आजारासंबंधीचा १९१२ चा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा, या दोहोंचा मुख्य रोख रुग्णास इस्पितळात कोणी, केव्हा व कसे ठेवावे, यावर होता. संसदेने २०१७ साली संमत केलेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला, आणि त्याने रुग्णाच्या हक्कांना विवेचनाचे केंद्र केले. हे हक्क दाखल झालेल्या रुग्णापुरते नाहीत. तपासून घेऊन, औषधाची पुडी बांधून त्याच दिवशी गावी परतणारा बाह्यरुग्णही त्यांचा धनी आहे. परंतु ते त्याच्यापर्यंत पोचतात भाषेच्या द्वारा. म्हणून या हक्कांचा विचार भाषाविचारापासून वेगळा करता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात बाह्यरुग्णसेवेचे महत्त्व विशेष आहे. विदर्भातील प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूर येथे, बुलढाण्यापासून तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. मेहकर वा संग्रामपूरच्या शेतमजुरास दर महिन्यास तेथे जाणे परवडणारे नाही. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांचा हेतूच उपचार रुग्णाच्या जवळ नेण्याचा होता. अधिनियमाच्या १८ व्या कलमाने त्यास हक्काचे रूप दिले. शासन चालवीत असलेल्या वा शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवा प्रत्येकास मिळाल्या पाहिजेत, आणि अत्यावश्यक सूचीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय संस्थांत विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे ते कलम सांगते.

आता भाषेसंबंधीच्या तरतुदी पाहू. अधिनियमात संमतीची व्याख्या करताना, उपचाराचे लाभ, धोके व पर्याय यांची माहिती रुग्णास समजेल अशा भाषेत व रीतीने दिल्यावरच मिळालेली संमती ती खरी संमती, असे म्हटले आहे. निर्णयक्षमतेविषयीचे चौथे कलम माहिती साध्या भाषेत, खुणांच्या भाषेत वा चित्रांच्या साह्याने द्यावी असे सांगते, आणि रुग्णाने आपला निर्णय बोलून, हावभावांनी वा खुणेने व्यक्त केला तरी तो ग्राह्य धरते. बाविसावे कलम आजाराचे स्वरूप, उपचाराची योजना आणि औषधांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क देते. तोही समजेल अशा भाषेत व स्वरूपात. सारांश, न समजलेल्या कागदावरील अंगठा ही कायद्याच्या दृष्टीने संमती नव्हे.

‘समजेल अशी भाषा’ म्हणजे येथे कोणती? जिल्ह्याची बोली मुख्यतः वऱ्हाडी. तीत ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘नाही’ऐवजी ‘नाई’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ असे उच्चार आढळतात. हा भेद उच्चारापुरता असता तर अडचण मोठी नव्हती. ‘मले काही सुचत नाई’, ‘जिवाले बरं वाटत नाई’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा तो शरीर व मन यांची फारकत न करता आपली अवस्था सांगत असतो. याउलट ‘नैराश्य’, ‘चिंताविकृती’, ‘एकाग्रतेचा अभाव’ ही शब्दावली संस्कृतोद्भव व ग्रांथिक आहे. ‘तुम्हांस नैराश्य आहे काय?’ या प्रश्नास ‘नाई’ असे उत्तर आले, तर ते आजाराविषयी आहे की शब्दाविषयी, हे सांगणे कठीण होते.

‘बाह्यरुग्ण’ हा शब्दही विचारणीय आहे. लोकभाषेत ‘बाहेरचं’ म्हणजे भूतबाधा. जिल्ह्यातील सैलानी येथील दर्ग्यावर मानसिक त्रास असलेल्यांना घेऊन कुटुंबे दूरदुरून येतात ती बहुधा याच समजुतीने. यास्तव आजाराचे स्वरूप समजावताना या समजुतीची दखल घेऊन, रुग्णाच्या शब्दांपासूनच आरंभ करणे श्रेयस्कर होय.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, प्रश्न अधिक बिकट होतो. मुंडा कुळातील कोरकू आणि कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध न झालेली निहाली या भाषा त्या परिसरात बोलल्या जातात. निहालीवर कायपर यांनी १९६२ साली ग्रंथ लिहिला; भाषाशास्त्रज्ञांना ती परिचित आहे. परंतु दवाखान्याच्या खिडकीपाशी तिला स्थान नाही, आणि तिच्या भाषकास मराठीतून दिलेली माहिती अधिनियमाच्या कसोटीस उतरेलच, असे म्हणता येत नाही.

अशा वेळी सोबतचा नातलगच रुग्णाच्या वतीने बोलतो. सोय म्हणून हे स्वाभाविक आहे. पण येथेच दोन हक्क हातचे जाण्याचा संभव असतो. पहिला गोपनीयतेचा, जो तेविसाव्या कलमाने दिला आहे. सासरच्या माणसांसमोर सुनेस आपले दुःख सांगता येतेच असे नाही. दुसरा स्वतः निर्णय करण्याचा. रुग्णाचा निर्णय इतरांस चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो निर्णयास अक्षम ठरत नाही, असे चौथे कलम स्पष्ट सांगते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकारही रुग्णाचाच असून त्यासाठी साध्या कागदावर सही वा अंगठा पुरेसा आहे. दुभाषी आणि प्रतिनिधी या दोन भूमिका भिन्न आहेत. त्या एकाच नातलगावर आपोआप सोपविणे योग्य नव्हे.

यातून एक साधी कसोटी निष्पन्न होते. सांगितलेली माहिती रुग्णास स्वतःच्या बोलीत परत सांगता आली, तर ती पोचली असे समजावे, ‘समजलं ना?’ या प्रश्नास मिळणारा होकार पुरेसा मानू नये. ही कसोटी लावण्यास खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागतो. बोलीतील दुःखवाचक शब्दांचा संग्रह, कोरकू व निहाली जाणणाऱ्या स्थानिकांचे दुभाषी म्हणून प्रशिक्षण आणि संमतिपत्रांची रुग्णांसमवेत पडताळणी ही कामे वैद्यकशास्त्र एकट्याने करू शकणार नाही. बोलींचा अभ्यास करणाऱ्या विभागांनी ती आपली मानली पाहिजेत. कारण रुग्णास न कळलेला हक्क त्याला मागता येत नाही.