एकच दुखणे, तीन घरे

दुखणे घर बघून येत नाही. पण दुखण्याचा खर्च मात्र घराघरात वेगळा बसतो. कसा, ते हिशेबानेच पाहू.

समजा, एका गावात तीन घरे आहेत. एक शेतमजुराचे. घरची मिळकत महिना १०,००० रुपये. दुसरे कारकुनाचे. त्याचा पगार ४०,०००. तिसरे आडत्याचे. त्याची मिळकत दोन लाख. तिन्ही घरांत एकेकाला अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले. खासगी दवाखान्याचे बिल प्रत्येकी ४०,००० झाले.

बिल सारखेच. पण आडत्याची ती सहा दिवसांची कमाई. कारकुनाचा एक पगार गेला. मजुराची मात्र चार महिन्यांची मिळकत! चार महिने उपाशी राहून कोणी बिल भरतो का? मग शेळी विकायची, नाहीतर सावकाराचे दार गाठायचे. दरमहा शेकडा ३ रुपये व्याज धरले, तर ४०,००० रुपयांवर महिन्याला १,२०० रुपये नुसते व्याज. वर्षाचे १४,४००. मुद्दल तसेच उभे. म्हणजे ज्याची मिळकत सगळ्यांत कमी, त्यालाच ते ऑपरेशन सगळ्यांत महाग पडले.

शिवाय काही खर्च बिलात लिहिलेला नसतो. कारकुनाला आजारपणाची रजा मिळते. मजुराचा रोज बुडतो, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोचाही.

जाणकारांनी याला एक माप लावले आहे. घरखर्चाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त पैसा औषधपाण्यावर गेला, की भार जड झाला असे समजतात. माप बरे आहे, पण त्यातून एक गोष्ट निसटते. एखादी बाई पैशांअभावी खोकला अंगावरच काढते. तिचा दवाखान्याचा खर्च शून्य. मापाने पाहिले तर तिचे घर सुखी! अशा शून्याला भुलू नये.

मग उपाय काय? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ सालापासून तिचा लाभ सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना आहे. ठरवून दिलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आधार मिळतो. मात्र दवाखाना योजनेतला हवा. तिथे आरोग्यमित्र बसतो. धर्मादाय रुग्णालयांनाही उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे शंभरातल्या १० खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० खाटा दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात. मोठ्या इमारतीला बुजून पुष्कळ लोक हे विचारतच नाहीत.

रोजच्या गोळ्यांचे काय? साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. योजनेचा भर दवाखान्यात भरती होण्यावर आहे. त्यामुळे हा बारीक खर्च घरावरच पडतो. त्यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तिथे गोळ्या फुकट मिळतात. त्या संपल्या असतील तर जनऔषधी दुकान पाहावे. औषध तेच, किंमत पुष्कळ कमी.

आणि दवाखान्यात निघताना शिधापत्रिका व आधार कार्ड पिशवीत टाकावे. आरोग्यमित्राला भरती होतानाच भेटावे. बिल हातात पडल्यावर धावपळ करून फारसे काही हाती लागत नाही.