महापालिकेच्या अहवालातील कर्ता : सेवकवर्ग आणि परिवहन

अमेरिकेतील पुष्कळ शहरांत महापौर हा कार्यकारी प्रमुख असतो. किती माणसे नेमली, किती बसगाड्या धावल्या, याचा जबाब तो स्वतः नगरसभेपुढे देतो. कोल्हापुरात अशा अहवालाचा शोध घेऊ लागल्यास प्रथमच एक अडचण उभी राहते. येथील महापौर सभेपुढे अहवाल मांडीत नाही, तो त्या सभेचा अध्यक्ष असतो. कोल्हापूर नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली व १९७२ च्या डिसेंबरात तिची महानगरपालिका झाली. तिला लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे सोपविली आहे. परिवहन उपक्रमासाठी परिवहन व्यवस्थापक व परिवहन समिती यांची वेगळी योजना आहे. परिवहनाचे अंदाजपत्रक या समितीमार्फत स्थायी समितीकडे व तेथून महासभेकडे जाते. तात्पर्य, ‘महापौरांचा अहवाल’ म्हणून आपण ज्याची कल्पना करतो, तो येथे प्रशासकीय प्रस्ताव, टिप्पणी, निवेदन आणि ठराव अशा तुकड्यांत विखुरलेला असतो.

‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडविला, हे सर्वश्रुत आहे. अशा कागदांच्या माथ्यावर येणारे ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ हे शब्दही त्यांचेच. ‘पौर’ म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. महापौर हा व्युत्पत्तीने नगराचा स्वामी नव्हे, नागरिकांतील थोर तो महापौर. मूळ इंग्रजी शब्दातील अधिकाराची छटा या शब्दात उतरली नाही, आणि आपल्या अधिनियमाने त्या पदाला दिलेले स्थान पाहता ती उतरली नाही हे बरेच झाले.

सेवकवर्गाविषयीच्या टिप्पणीत शब्दांचे तीन थर स्पष्ट दिसतात. ‘मंजूर’, ‘रुजू’, ‘रजा’, ‘हजेरी’, ‘हंगामी’, ‘बडतर्फ’ हा फारसी-अरबीचा जुना थर. मोडी दप्तरांपासून तो अखंड चालत आला आहे. ‘पगार’ मात्र पोर्तुगीजांकडून आला. दुसरा थर राज्यनिर्मितीनंतरच्या परिभाषेचा : ‘आकृतिबंध’, ‘संवर्ग’, ‘नियुक्ती’, ‘अनुकंपा’. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची व महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर हा थर झपाट्याने दाट झाला. तिसरा थर आगारातला : ‘ड्युटी’, ‘शेड्यूल’, ‘ब्रेकडाऊन’, ‘पास’. चालकाची नोकरी पहिल्या व तिसऱ्या थरात चालते, परंतु तिचे भवितव्य दुसऱ्या थरात ठरते. आकृतिबंधात आपले पद आहे की नाही, हे ज्याला कळणे सर्वांत निकडीचे, त्याच्याच बोलण्यात ‘आकृतिबंध’ हा शब्द नसतो.

जाता जाता ‘वाहक’ या शब्दाकडेही पाहावे. इंग्रजी ‘कंडक्टर’ पदार्थविज्ञानात वीज वाहून नेतो आणि बसमध्ये तिकिटे देतो. मराठीने दोन्ही ठिकाणी ‘वाहक’च योजिला. वस्तुतः बसमध्ये वाहून नेण्याचे काम वाहनाचे. वाहक कोणालाच वाहून नेत नाही. लोकांनी ‘कंडक्टर’ सोडला नाही, यात मला नवल वाटत नाही. तसेच ‘के.एम.टी.’चे. हे आद्याक्षरी नाव उपक्रमाचे असूनही बोलण्यात ते ‘बस’ अथवा ‘गाडी’ यांचे लिंग घेते : ‘के.एम.टी. चुकली’. कागदावर ‘उपक्रम’ तोट्यात असतो, थांब्यावर ‘ती’ आलेली नसते.

परंतु शब्दांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वाक्यरचनेची आहे. उदाहरणादाखल मी एक वाक्य रचतो : ‘पुरेशा चालकांअभावी काही मार्गांवरील फेऱ्या बंद करण्यात आल्या.’ ‘-ण्यात येणे’ ही रचना क्रियावाचक नामाची सप्तमी आणि ‘येणे’ हे क्रियापद यांची आहे. क्रियापदाचा मेळ ‘फेऱ्या’ या कर्माशी आहे आणि कर्ता वाक्याबाहेर आहे. बाह्यतः सारखी दिसणारी ‘माझ्या पाहण्यात आले’ ही रचना येथे ताडून पाहण्याजोगी आहे. तेथे पाहणाऱ्याला षष्ठीची जागा राखून ठेवलेली आहे. ‘आयुक्तांच्या बंद करण्यात आल्या’ असे मात्र मराठी बोलणारा कोणीही म्हणणार नाही. कार्यालयीन रचनेत कर्ता आणावयाचाच झाल्यास तो ‘-कडून’ अथवा ‘-तर्फे’ लावून आणावा लागतो, आणि तो आणला नाही तरी वाक्याला काही उणे वाटत नाही.

आणला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. ‘महापालिकेकडून फेऱ्या बंद करण्यात आल्या’ या वाक्यात ‘महापालिका’ म्हणजे कोण? अधिनियमाच्या दृष्टीने महानगरपालिका हे एक प्राधिकरण, स्थायी समिती दुसरे, आयुक्त तिसरे. व्यवहारात ‘महापालिका’ म्हणजे सभा, कचेरी, इमारत, प्रसंगी सारे शहर. कायद्याने जेथे काटेकोर वाटणी केली आहे, नेमक्या तेथेच भाषा एक मोठी घोंगडी पसरते. तिच्याखाली शिफारस करणारा, मंजुरी देणारा आणि अंमल करणारा हे तिघेही सुखाने मावतात. नोव्हेंबर २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली व पुढील काही वर्षे प्रशासकांचा कारभार चालला, तेव्हा सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच होते. म्हणजे प्रस्ताव करणारा व मंजुरी देणारा एकच झाला; तरी ही वाक्यरचना जशीच्या तशीच चालू शकली. ज्या रचनेत कर्ता नसतोच, तिला कर्ता बदलल्याची वार्ता कशी लागणार?

कर्मणी रचना हा मराठीचा दोष आहे, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. कर्ता अज्ञात असेल किंवा अप्रस्तुत असेल, तर ती योग्यच होय. ‘१९७२ मध्ये महानगरपालिका स्थापन करण्यात आली’ या वाक्यावर कोणाचा आक्षेप असणार? प्रश्न उद्भवतो तो ज्या निर्णयाला दाद मागता येते, तेथे. कमी केलेल्या हंगामी वाहकाला अर्ज करावयाचा असतो, आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत ‘प्रति’ या शब्दापुढे कोणाचे तरी पद लिहावे लागते.

सेवकवर्गाविषयीचा निराळ्या घडणीचा आदेश याच करवीरनगरीत निघालेला आहे. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेविल्या. त्या आदेशाची वाक्ये न देता केवळ आशयाची मांडणी पाहू. आज्ञा देणारे स्वतः महाराज आहेत, आणि त्यांचा निर्देश आदेशातच आहे. टक्केवारी मोघम नोकऱ्यांची नव्हे, रिक्त होणाऱ्या जागांची आहे. अंमल कधीपासून, हे सांगितले आहे. ज्या कचेरीत प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक कोणाला द्यावयाची हेही सांगितले आहे. आणि सर्व खातेप्रमुखांनी दर तिमाहीस नेमणुकांचे पत्रक सादर करावे, असे शेवटी बजावले आहे. आज्ञापक, अंमल करणारा, माहिती देणारा आणि ज्याच्यासाठी हे सारे तो, यांपैकी प्रत्येकाला त्या आदेशात आपली जागा सापडते.

वरील आमच्या नमुनावाक्यास हीच कसोटी लावून पाहता येईल. ‘चालकांच्या मंजूर पदांपैकी इतकी पदे रिक्त आहेत, ती भरण्याचा प्रस्ताव आयुक्तांनी अमुक दिनांकास मांडला, स्थायी समितीने तो तहकूब केला, म्हणून परिवहन व्यवस्थापकांनी या मार्गांवरील इतक्या फेऱ्या बंद केल्या.’ हे वाक्य लांब झाले, हे खरे. यातील चारही क्रियापदे रोजच्या मराठीची असून त्यांपैकी एकासही ‘-ण्यात’ची गरज लागलेली नाही.